सरांचा ग्रुप
आज इथं कुवेतमध्ये, खैतान भागातल्या किराणा दुकानात खडूचा डबा दिसला आणि ज्यांच्यामुळे मी पदवीधर झालो, ते नागरिकशास्त्राचे सर आठवले. "प्रश्न विचारतो तो नागरिक," हे ते दरवर्षी फळ्यावर लिहायचे. कुवेतमधल्या पहिल्या वर्षी, शुक्रवारी खोलीत मासे तळत असताना, मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "वाचनालयाला कुलूप का?" नगरसेवकाने लिहिलं, "तू तिकडं दिनार मोज की भावा, गाव आम्ही बघतो." खाली हसरे चेहरे पडले. तव्याजवळचा मित्र म्हणाला, "इथं तर बोलायची सोयच नाही, आता तिथंही गप्प बस." तेवढ्यात मला ग्रुपमधून काढलं. ग्रुपचे ॲडमिन एकटे सरच होते. रात्री त्यांना पत्र लिहिलं, "सर, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. फळ्यावरचं ते वाक्य मात्र आता पुसून टाका."