ओरिजिनल कोणाचं?

मनीषनगरच्या एका कॅफेत मी दर रविवारी दुपारी गिटार घेऊन गायचो. लोकांना पाठ असलेली गाणी लोकांनाच ऐकवायची आणि शेवटी एक गाणं आपलं. मालक भला माणूस, माझा तेवढा हट्ट तो चालवून घ्यायचा.

आधी आम्ही दोघं होतो. ताल धरायला माझा मित्र असायचा. सक्करदऱ्याला त्याच्या खोलीवर आम्ही पाच गाणी बांधली. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. थांब म्हणायला माझ्याकडे तरी काय होतं? तो गेल्यावर सहावं गाणं मी एकट्यानं केलं, त्याच्यावरच. त्याला कधी पाठवलं नाही, पण कॅफेत शेवटी आता तेच गायचो; कुणीतरी ते माझं म्हणून ऐकावं, याची मला भूक लागली होती.

घात केला तो एका शब्दानं. ‘आता एक ओरिजिनल’ असं मी ऐटीत सांगायचो. लोकांना वाटायचं, रिमिक्स नाही, पिक्चरमधलं अस्सल गाणं येतंय. एका काकांनी विचारलं, “ओरिजिनल कोणाचं हाय गा?” माझं, म्हटलं. “तसं नाही म्हणून राहिलो मी. पहिले कोणं म्हटलं?” मीच, म्हटलं. त्यांनी मोबाइलवर शोधलं, काही सापडेना, तेव्हा ते पुन्हा सँडविचकडे वळले. दर रविवारी थोड्याफार फरकानं हेच.

एकदा माझं डोकं सणकलं. हे जुन्या, पडलेल्या मराठी पिक्चरचं गाणं आहे, अशी मी थाप मारली. आणि कॅफे चिडीचूप. कुणी रेकॉर्ड केलं, कुणी ‘पहिलेची गाणीच वेगळी’ म्हणालं. टाळ्या पडल्या. थाप मारल्याचं वाईट वाटलं नाही; त्या टाळ्या गोड लागल्या, याचं वाटलं. पुढच्या रविवारीही मी तेच सांगितलं.

तिसऱ्या रविवारी साठीपुढच्या एक काकू मुलीबरोबर आल्या होत्या. गाणं संपल्यावर त्या सावकाश उठून माझ्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

“बेटा, आमचे हे हेच गाणं म्हणत राहायचे. बर्डीच्या टॉकीजमध्ये पाह्यला होता आम्ही तो पिक्चर. ते गेल्यापासून मले याचे शब्दच आठवत नव्हते.”

गाणं करून मला आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. खरं सांगायचं तर आत्ताच, हे मला कळत होतं. इतकं मन लावून माझं गाणं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं, आणि नेमकं त्याच माणसापुढे ते माझं म्हणायची सोय उरली नव्हती.

“हो काकू, जुनंच आहे,” मी म्हणालो.

“मंग अजून एकदा म्हण ना गा.”

म्हटलं. त्या हलक्या आवाजात साथ देत होत्या. ध्रुपदात माझी ओळ होती, ‘जाताना दार लोटून गेलास’. त्या म्हणाल्या, ‘जाताना दार उघडं ठेवून गेलास’. चालीत ते बसत नव्हतं, तरी त्यांनी ओढूनताणून बसवलं. ध्रुपद पुन्हा आलं तेव्हा मी त्यांचीच ओळ म्हटली.