तोकुमारूसाहेबांचं शिस्तीचं पिल्लू

तोकुमारूसाहेब जपानातल्या आमच्या सेंदाईच्या कचेरीत खातेप्रमुख होते, म्हणजे जन्मभर नुसते ओरडले. निवृत्तीनंतर ओरडायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी चिवावा जातीच्या कुत्र्याचं मूठभर पिल्लू आणलं. त्याने चटईवर शू केली की हे त्याचं नाक त्यात घासायचे.

त्यांची बायको म्हणाली, “अहो, कोपऱ्यात कागद पसरू या. त्यावर केली की गोंजारायचं.”

“हो, आता तू मला शिकव! अख्खं खातं सरळ केलंय मी.”

परवा कचेरीतल्या आम्हा जुन्या हाताखालच्यांना त्यांनी चहाला बोलावलं. पिल्लू पुढ्यात पुतळ्यासारखं बसलं होतं.

“बघा, चटईवर थेंब नाही! याला म्हणतात वळण.”

आम्ही माना डोलावल्या. त्यांच्यापुढे दुसरं काही करायची आम्हाला सवयच नाही. मधेच पिल्लू हळूच बाहेर सटकलं आणि साळसूदपणे परत येऊन बसलं.

निघताना दाराशी काढलेल्या बुटात मी पाय घातला, तर मोजा चिंब! साहेबांच्या डोळ्यांदेखत करायचं नाही, एवढंच ते शिकलं होतं.

“काय झालं रे, नुमाता?”

“काही नाही, साहेब,” मी ओल्या बुटानिशी कमरेत वाकलो. “अगदी आमच्यासारखं तयार केलंत.”

साहेब खूश झाले.