हिरवं पाणी

नात पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे कुंभारीला आली होती. एका दुपारी न्हाणीतून भिंत धरत बाहेर आली आणि माझ्या कानाशी लागली, "आजी, पाणी गेलंय. हिरवट हाय. आईला सांगू नको, लाज वाटतीय."

मी सुनेला अशी हाक मारली की शेजारपाजारचे दारात आले. आजीनं गावभर शोभा केली, असं नात अजून म्हणते. केली की.

लाजेचं मला कुणी शिकवू नये. सोलापुरात भवानी पेठेत माहेरी, पहिल्या खेपेला माझंही असंच पाणी गेलं होतं. ती विशीतली पोरगी, म्हणजे मीच, लई हुशार. तिला वाटलं, पोट बिघडलं. आदल्या दिवशी आईची नजर चुकवून शेंगाचटणी हाणली होती ना. चोरी उघडी पडू नये म्हणून बाईसाहेबांनी पातळ दोनदा साबण लावून धुतलं, वाळत घातलं आणि गहू निवडत बसल्या. संध्याकाळी कळा सुरू झाल्या, तेव्हा कुठं सुईण आली. मुलगा झाला. नखं हिरवी-पिवळी, रडणं नाही, नुसतं कण्हणं. धाप लागल्यासारखा श्वास घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली.

नातीला रिक्षातून थेट सोलापूरला दवाखान्यात नेलं. सिझर झालं. मुलगी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन समजावलं. आत जीव गुदमरला की बाळ पोटातच पहिली शी करतं, काळपट, डिंकासारखी चिकट. ती पाण्यात मिसळते आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात जाते. कुठं नळी बुजते, कुठं हवा आत शिरते पण बाहेर पडत नाही. आतून सूज येते ती वेगळीच.

"लवकर आणलंत, बरं झालं. आता तीन-चार दिवस बघू."

"आणि कुणी उशीर केला तर?" मी विचारलं.

"आई, आता कशाला नको ते," मुलगा म्हणाला.

मग मी तिथंच, सगळ्यांपुढं, पातळ धुतल्याचं सांगितलं. आई, सासू, नवरा, ज्यांना सांगायला हवं होतं त्यातलं कुणीच उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तेव्हा ही यंत्रं कुठं होती? तुमची चूक नाही." रडक्या पोराच्या हातावर गोळी ठेवावी तसं. मी घेतली. चघळून संपली.

चौथ्या दिवशी पोरीचा ऑक्सिजन काढला. तिला पहिल्यांदा पाजताना नात हळूच म्हणाली, "आजी, तुझा तो थोरला कुणासारखा होता गं?"

"तुझ्या बापासारखा," मी ठोकून दिलं.

खरं म्हणजे होता तेवढा वेळ मी त्याच्या छातीकडंच बघत बसले होते. तोंड कसं होतं, ते मला माहीत नाही.