बिल्ल्याची खालची ओळ

आमच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी जीप वीसेक वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मुलगा म्हणाला, असल्या गाड्या आता शौकीन लोक शोधत फिरतात, आणि त्यानं संभाजीनगरहून एका माणसाला बोलावलं.

तो माणूस चहालाही बसला नाही. "आजी, आधी बिल्ला बघू द्या," म्हणाला. बोनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यावर कारखान्याचा एक बिल्ला ठोकलेला असतो, निम्म्या पोस्टकार्डाएवढा. त्यावर चाळीस वर्षांचं ग्रीस आणि धूळ बसली होती. त्यानं चिंधी रॉकेलात भिजवली आणि हळूहळू पुसत एकेक अक्षर मुलाला सांगायला लागला. ही अक्षरं गाडी कोणत्या जातीची ते सांगतात. हे अक्षर म्हणजे स्टेअरिंग उजवीकडे. हा आकडा महिन्याचा, हा वर्षाचा. वरची ओळ चेसीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची. खालची ओळ इंजिनाची. मग बॅटरी घेऊन तो इंजिनावर वाकला, तिथं ठोकलेला नंबर मोठ्यानं वाचला. मुलगा बिल्ल्यावर बोट ठेवून जुळवत गेला.

"जुळलं," तो म्हणाला. "आजी, इंजिन कारखान्यातलंच आहे. कधी बदललेलं नाही. असं मिळत नाही आता."

मुलगा खूश झाला. सुनेनं परत चहा टाकला. मी तिथल्याच पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले, कारण ते इंजिन चोरीला गेलं आणि दुसरं बसवलं, असं मी सगळ्या गावाला सांगितलेलं होतं.

तेव्हा थोरला पाळण्यात होता. जीप चालू होती, आणि मालक, म्हणजे माझे यजमान, तिच्यातून सोसायटीची कामं करत फिरायचे. इंजिन धूर सोडायला लागलं म्हणून त्यांनी ती पाटोद्याच्या एका मिस्तरीकडे दिली. त्यानं इंजिन खाली उतरवलं, आतून घासून बोअर केलं, आणि काम झाल्यावर स्वतः चालवत गावात आणून दिली. मालक त्या दिवशी बीडला गेले होते. पारावर दहा-बारा माणसं बसलेली. मी बोनेट उघडायला लावलं.

आमचं इंजिन काळंकुट्ट होतं. आत दिसलं ते धुतलेलं आणि हिरवं.

"हे आमचं न्हाई," मी म्हणाले.

"वैनी, रंग मी दिलाय. काम झालं की देतो मी."

मी पदराच्या टोकानं बिल्ला पुसला. चौथीपर्यंत शिकले होते. इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण आकडे कॅलेंडरवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून शिकलेले होते. बिल्ल्यावरचा नंबर वाचला, इंजिनावरचा वाचला. दोन्ही वेगळे.

"इंजिन बदललंस तू."

"वैनी, ती वळ चेसीची हाय. खालची पुसा."

"मला शिकवू नको मिस्तरी. चार बुकं शिकलेय मी."

पारावरचे हसले. एकजण म्हणाला, "बाईला आकडे येतात बे. आता सांग, कुटं पळशील?" मिस्तरी चिंधी घेऊन पुढं झाला. मी बोनेट खाली पाडलं.

मालक आल्यावर एवढंच म्हणाले, "तू बघितलंस ना? मग झालं." आमच्या बाजूच्या जीपवाल्यांनी आणि ट्रॅक्टरवाल्यांनी त्या मिस्तरीकडं जाणं सोडलं. वर्षाच्या आत त्यानं दुकान बंद केलं आणि बायकोच्या माहेरी, युसूफ वडगावला गेला. मी कुणाच्याही लग्नात बसले की बायका म्हणायच्या, ती चोरी धरल्याची गोष्ट सांगा. मी सांगायचे. हौसेनं सांगायचे. चोरानं बसवलेलं इंजिन पुढं कितीतरी वर्षं धूर न सोडता कसं चाललं, हे मला एकदाही सुचलं नाही.

त्या माणसानं गाडीचं आरसी बुक मागितलं. ते माझ्या पेटीत होतं, लुगड्यांच्या खाली. त्यात इंजिनाचा नंबर लिहिलेला होता, चेसीचाही होता. मालकांनी कधी ताडून पाहिलं होतं का, ते आता विचारता येत नाही. पाहिलं असेल तरी बोलले मी होते, ते नाही.

दोन दिवसांनी मुलाकडून नंबर कागदावर लिहून घेतला आणि एसटीनं युसूफ वडगावला गेले. घरी नातेवाइकाकडं जाते म्हणून सांगितलं. मिस्तरी दारापुढं पत्र्याच्या सावलीत पाणी ओढायची मोटर खोलून बसला होता. डोळे गेल्यासारखेच. सगळं बोटांनी चाचपत होता.

"वळखलं का?"

"आवाज वळखला."

त्याची बायको बाहेर आली. "कोण हायेत?"

"पाटोद्याकडच्या वैनी."

"आकडे वाचणाऱ्या?" ती म्हणाली. "मग बसा की. आमच्या मीटरचा आकडा बी वाचून जावा, तो बी कुणाला समजंना."

मी बसले. म्हणाले, "मिस्तरी, खालची वळ पुसली परवा. तुमचं खरं होतं."

त्यानं मोटर बाजूला ठेवली नाही. हात चालू ठेवून आमच्या इंजिनाचा नंबर तोंडपाठ म्हणायला लागला. मी कागद काढला आणि बोट फिरवत गेले. एक आकडा चुकला नाही.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"ते मला कावून सांगता? मला तवाबी ठावं होतं. ज्येंच्यापुढं बोलल्या त्येंला सांगा."

त्याच्या बायकोनं पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही, ते बरोबरच केलं.

पारावरच्या त्या दहा-बारांपैकी तिघं उरलेत. तिघांकडे गेले. एकाला ऐकू येत नाही. कानाशी ओरडून सांगितलं तर तो हसून मान हलवत राहिला. दुसरा म्हणाला, "काकी, मी नातवंडांना सांगत आलोय की आमच्या काकीनं चोर धरला. आता कशाला उकरता?" तिसऱ्यानं विचारलं, जीप गेली का, केवढ्याला गेली.

म्हणून लिहायला बसले. लिहिणं मला जमत नाही, पण तोंडानं सांगून झालं नाही. मुलाच्या फोनवरून मिस्तरीला विचारलं, लिहितेय, नाव घालू का तुमचं.

"नको," तो म्हणाला. "नाव घातलं की लोकांला चोरीच आठवंल."

"मग काय लिहू?"

फोनमध्ये पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी चिंधी घिऊन पुढं आलतो," तो म्हणाला. "तेवढं लिवा."

आला होता. मी बोनेट पाडलं.