कंदिलाच्या पेटीपुढे

पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट राहेलबाईसमोर आणलं आणि न थांबता पुढं नेलं. तिचा हात पुढं आलेला होता. तो तसाच राहिला. तिच्या शेजारी मी होते. मी तुकडा घेतला, खाल्ला — मग प्याला आला, तो प्याले. तिनं काही केलेलं नव्हतं. ते तिला माहीत होतं आणि मला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी 'माझी पापं क्षमा कर' असं एकगठ्ठा म्हणत आले. एकगठ्ठा म्हटलं की नाव घ्यावं लागत नाही.

चांदा जिल्ह्यातलं, जंगलातलं आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडी, बाकी गोंड आणि कुणबी. माझा नवरा मंडळीचा उपदेशक — दर रविवारची उपासना तो चालवायचा. प्रभुभोजन द्यायला पाळकसाहेब चांद्याहून अधूनमधून यायचे. राहेलबाई शेजारची विधवा.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक आली. एक उमेदवार जुना मालगुजार, गावच्या जमिनीचा धनी. मालगुजारी कायद्यानं गेली होती, रुबाब गेला नव्हता. त्याची खूण छत्री. दुसऱ्याची कंदील. तो बेगार बंद करा म्हणत गावोगाव फिरायचा. मोहाची दारू प्यायचा, देवाचं नाव घेत नसे. मालगुजारानं शब्द दिला — मतं द्या, कब्रस्तानाला जागा देतो. तुम्ही म्हणाल, जागेसाठी मत? आम्ही आमची माणसं नाल्याच्या काठी पुरायचो आणि कोल्हे उकरायचे. राहेलबाईनं नवऱ्याला दोनदा पुरलं होतं. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही.

उपासनेत नवऱ्यानं सगळ्यांना उभं केलं. देवासमोर हात वर करा, छत्रीलाच मत देऊ म्हणा. सगळ्यांनी केले. मीही केला.

पण आदल्या पावसाळ्यात मालगुजाराची लाकडं वाहताना एक गोंडीण वाटेतच बाळंत झाली होती. बेगार म्हणजे मजुरी नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही. मी त्याच वाटेनं येत होते; नाळ मी कापली. पोर जगलं नाही. तिचं रक्त थांबलं नव्हतं, तोवर मुकादम तिला ऊठ म्हणाला. नवरा म्हणायचा, मंडळीचं भलं बघून मत द्यायचं, हाच आपला धर्म. मग त्या वाटेवर कोणाचा धर्म होता? मी विचारलं असतं तर त्यानं ऐकलं असतं — वाईट माणूस नव्हता तो. मी विचारलं नाही.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. शाळेच्या खोलीत दोरीवर चादर टांगली होती. तिच्यामागं दोन टोकांना दोन पेट्या. आत एकटीनं जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. नवऱ्यानं बजावलं होतं, आधी प्रार्थना करा. आमच्यात प्रार्थना म्हणजे गुडघ्यांवर. एक बाई आत गेली आणि तिनं खरंच गुडघे टेकले — कंदिलाच्या पेटीपुढे. चादर तोकडी होती. मंडळीचे पंच दाऊदभाऊ व्हरांड्यातून जात होते. त्यांना खिडकीतून गुडघे दिसले आणि लुगड्याचा हिरवा काठ. तोंड दिसलं नाही. ते वळसा घालून दाराशी आले तोवर राहेलबाई आणि मी, दोघी बाहेर आलो होतो. दोघींची लुगडी नाताळात मिशननं दिलेली, एकाच ठाणातली.

प्रभुभोजनाच्या रविवारी दाऊदभाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "राहेल, तूच होती ना वं?"

"मी नाई जी. म्या छत्रीतच टाकलं."

"मंग काय उपदेशकाची बायको होती?"

लोक हसले. मीही हसले.

पाळकसाहेब म्हणाले, मत कोणाला दिलंस ते मी विचारत नाही. देवासमोर हात वर करून खोटं बोललीस, आणि आता पुन्हा. कबूल कर, मग पंगतीला ये. तिनं काय कबूल करायचं?

विहिरीवर बाया म्हणायच्या, "सरका वं, कंदीलवाली आली." आधी ती सोडायची नाही. "कंदील असता तं तुमची तोंडं तरी धड दिसली असती," म्हणायची. मग दुपारी, कोणी नसताना, पाण्याला येऊ लागली.

एकदा माझ्या दारात येऊन म्हणाली, "बाई, तू माह्या मागंच होती ना रांगेत? सांग ना त्याइले."

मी म्हटलं, "मले काय दिसते आतलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग गेली. ओळखलं असेल का तिनं? तिनं कोणाला काही सांगितलं नाही एवढं खरं.

गुडघे माझे होते. कंदिलाला मत दिल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. देवाला विचारूनच दिलं होतं. गप्प बसताना त्याला विचारलं नाही. नवऱ्याची नोकरी जाईल, असं मी स्वतःला सांगायचे. खरं ते नव्हतंच — ताट माझ्यासमोरून तसं पुढं जायला मला नको होतं. तिच्यासमोरून गेलं, ते मला चाललं.

मालगुजार निवडून आला. जागाही दिली. पुढच्या उन्हाळ्यात राहेलबाई सिरोंच्याकडं भावाच्या घरी गेली. आमच्याकडून निरोप गेला होता, म्हणून तिथल्या मंडळीनंही तिला पंगतीला घेतलं नाही. तिथंच तापानं वारली. दाऊदभाऊ गेले. नवरा गेला, तिला खोटारडी समजतच गेला. मी आहे.