खालच्या पानावरच्या तारा

मिनलला जागच्या जागी हरवायची सवय होती. चाकणच्या कंपनीत ती मोटारीच्या वायरिंगच्या लाइनवर होती. फळीवर रंगीत वायरी मांडायच्या, टोकं खोबणीत बसवायची, वरून टेप गुंडाळायची. हात आपसूक चालायचे आणि ती स्वतः कुठंतरी दूर गेलेली असायची. सुपरवायझरनं सुरुवातीला तिच्यावर फार लक्ष ठेवलं, पण तिच्या हातून चूक काही निघेना, तेव्हा त्यानं नाद सोडला. शिफ्ट सुटल्यावर बसच्या खिडकीला डोकं टेकून ती बाहेर बघत बसायची. बाजारासमोर ट्रक खोळंबलेले असायचे, कांद्याचे सुटे पापुद्रे वाऱ्यानं रस्ताभर पसरलेले असायचे. चाकाखाली येताना ते कसे वाजत असतील, एवढ्या एकाच विचारात तिचा देहूरोडपर्यंतचा रस्ता सरून जायचा.

देहूरोडच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर एक साइड ड्रम. तो सासऱ्यांचा, धोंडीबांचा. पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसशॉपला त्यांचा जन्म गेला. दिवसभर पत्रा दाबायचा आणि संध्याकाळी वस्तीतल्या बँडपथकात ड्रम वाजवायचा, असं त्यांचं आयुष्य. रिटायर झाल्यावर पहिलं सुटलं, दुसरं राहिलं.

मिनल लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट. दुपारी पुढच्या खोलीत ती एकटीच बसली होती. लोणावळ्याकडे जाणारी गाडी रुळांवरून धडधडत गेली आणि खोलीत कुणीतरी कुजबुजल्यासारखं झालं. तिनं वळून पाहिलं तर कुणी नाही. थोड्या वेळानं सासूबाईंच्या, म्हणजे कस्तुराबाईंच्या हातून आत ताट पडलं, तर पुन्हा तेच. ती घाबरून दारात उभी राहिली. तेवढ्यात धोंडीबा बाहेरून आले, तिचा चेहरा बघून काय ते समजले. त्यांनी ड्रम उचलून उलटा केला. खालच्या बाजूला पातळ, आरपार दिसणारं प्लॅस्टिकचं पान ताणलेलं होतं आणि त्याच्यावरून मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पिळदार तारांचा एक पट्टा गेला होता. बारीक स्प्रिंगा शेजारी शेजारी झोपवाव्यात तसा.

"ह्या बोलतात बघ," ते म्हणाले. "वरनं काडी मारली की ह्या खाली थरथरत्यात. तारा न्हाईत तर ड्रम म्हंजे नुसता डबा. आन ह्यास्नी मारायलाच पायजे असं बी न्हाई. घरात कायबी वाजू दे, ह्या हुंकार देत्यात."

त्या दिवसापासून मिनल त्या हुंकारांसाठी कान टवकारून राहू लागली. धोंडीबांनाही घरात असं ऐकणारं माणूस पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांचा मुलगा धम्मरत्न कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, त्याला दिवसभराच्या घरघरीनंतर शांतता हवी असायची. सून मात्र शिफ्टवरून आली, चहा झाला, की गॅलरीत काड्या घेऊन बसायची. धोंडीबा तोंडानं बोल सांगायचे, ती वाजवायची. अशी काही वर्षं गेली. पथकात वाजवायचं तिच्या कधी मनातही आलं नाही. ती गॅलरीपुरतीच वाजवायची, आणि तेवढं तिला पुरत होतं.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर धोंडीबांनी ड्रमवर दोनचार हात मारले आणि काड्या खाली ठेवल्या.

"जीव गेला ह्याच्यातला," ते म्हणाले.

मिनलनं ड्रम उलटा करून पाहिला. दोन तारा टोकाशी तुटून वर आल्या होत्या, एक ढिली पडून लोंबत होती, बाकीच्यांवर तांबूस गंज धरला होता. नव्या तारा आणायला हव्यात यावर दोघांचंही एकमत झालं. पण इतकं बारीक काम धोंडीबांच्या बोटांना आता जमत नव्हतं.

"तुझा हात वायरींवर बसल्याला हाय," ते म्हणाले. "तूच कर."

सुट्टीच्या दिवशी ती पिंपरी कॅम्पात गेली. वाद्यांच्या दुकानात ज्योतीराम नावाचे गृहस्थ बसायचे, मूळचे लातूरकडचे. त्यांनी काचेच्या काउंटरवर तारांचे पट्टे एकाशेजारी एक मांडले. बारा तारांचा, वीस तारांचा, चोवीस तारांचा. काहींच्या टोकाच्या पट्ट्या जाड, काहींच्या पातळ.

"कमी तारा म्हणजे ठोका कोरडा, सुटा," ज्योतीराम सांगू लागले. "तारा वाढल्या की सळसळ वाढते. मोठ्या रांगेत वाजवायलेत का घरातच?"

"दोन्ही," मिनल म्हणाली. मग तिनं विचारलं, "हात लावून बघू का?"

त्यांनी मान डोलावली. मिनलनं डोळे मिटले आणि बोटाच्या टोकानं एकेका पट्ट्यावरून अलगद बोट फिरवलं. बारा तारांचा पट्टा कंगव्यासारखा लागला. चोवीसचा इतका दाट की बोट घसरूनच गेलं. वीसच्या पट्ट्यावरून बोट फिरताना तिला वाळलेल्या गवतातून चालल्यासारखं वाटलं, आणि ती जराशी तिथंच रेंगाळली. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, जात होती. ज्योतीरामांनी तिला हटकलं नाही. शेवटी त्यांनीच तो पट्टा काचेवर आडवा ठेवून दाखवला. एकही तार वर उचललेली नव्हती, सगळ्या सारख्या टेकल्या होत्या. "सपाट बसतो का, एवढं बगायचं असतंय," ते म्हणाले, आणि कागदात गुंडाळून दिला.

दुपारच्या उन्हात गॅलरीत सतरंजी अंथरून तिनं काम काढलं. धोंडीबा भिंतीला टेकून बसले. आधी बाजूचा खटका खाली पाडून जुन्या तारा सैल केल्या, मग दोन्ही कडांचे स्क्रू सोडवून त्या काढल्या. खालचं पान पतंगाच्या कागदाइतकं पातळ, त्यावर कोपर टेकू नये म्हणून ती श्वास धरून वाकली होती. तारांच्या जागी पानावर एक पांढुरका पट्टा उमटला होता. तिनं तो मऊ फडक्यानं पुसला. नवा पट्टा ठेवला, टोकाच्या पट्ट्यांचा बाक वरच्या अंगाला येईल असा. पट्टा कडांना बांधायच्या दोन दोऱ्यांपैकी एका कडेची आधी आवळली. मग पट्टा दोन्ही कडांपासून सारखा लांब आहे का ते बोटं ठेवून पाहिलं, केसभर सरकवला आणि दुसऱ्या कडेची दोरी ओढून धरली.

"दोन्ही दोऱ्या सारख्या वढ," धोंडीबा म्हणाले. "एक बाजू ढिली ऱ्हायली तर ड्रम बोबडा बोलतोय."

तिनं स्क्रू पिळले, खटका वर केला, तारा ताणणारी फिरकी थोडी थोडी आवळत नेली. ड्रम सरळ करून पहिला हात मारला. गॅलरीभर स्वच्छ, बारीक सळसळ पसरली. उन्हाला आवाज असता तर असाच आला असता, असं तिला वाटून गेलं.

धोंडीबांनी मान हलवली. "न्हाई. नुसतं ढबढब हाय."

मिनलला वाटलं, बसवण्यात आपलंच काहीतरी चुकलं. तिनं फिरकी सैल केली, पुन्हा आवळली, दोऱ्या सोडून नव्यानं बांधल्या. दरवेळी तिला आवाज सुरेख यायचा आणि दरवेळी धोंडीबा मान हलवायचे. पुढच्या सुट्टीला ती ड्रमच घेऊन पिंपरीला गेली. ज्योतीरामांनी वाजवून पाहिला.

"ताई, झकास वाजायलाय की."

"मामांना पटत नाही."

"मग चोवीसच्या न्या. सळसळ वाढंल."

चोवीस तारांनी घर भरून गेलं. गाडी नुसती लांबून आली तरी त्या कुजबुजू लागत. कस्तुराबाई खोकल्या तरी त्या दाद देत. शेवटी कस्तुराबाईंनी ड्रमवर चादर टाकली. धोंडीबांनी तो एकदाच वाजवला, काड्या ठेवल्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. पथकाच्या सरावालाही ते जाईनासे झाले.

"आताशा त्यांचं कशातच लक्ष नसतं," कस्तुराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "काल दूध ठेवलं होतं, कुकर लावला होता. हे शेजारी बसलेले. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, उठून गॅस बंद करावा की नाही?"

त्याच आठवड्यात मिनलच्या कंपनीत वर्षाची तपासणी आली. वजन झालं, डोळे झाले, मग कान. एका लहानशा बंद खोलीत तिला बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दार लागलं आणि एवढी शांतता झाली की मिनलला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येऊ लागलं. मग दुरून कुठूनतरी एक जाड सूर आला. तिनं बटण दाबलं. पुढचा त्याहून बारीक, त्याच्या पुढचा आणखी बारीक. सूर पाखरांसारखे वर वर चालले होते आणि ती त्यांच्या मागे मागे. शेवटी एक सूर इतका पातळ आला की तो आहे की नुसता भास, हेच तिला कळेना. आणि तिथं, त्या सुराच्या टोकाशी, तिला कुकरची शिट्टी आठवली.

ती बाहेर आली तेव्हा तपासणारी मुलगी तिचा कागद भरत होती.

"कानातलं आधी काय जातं?" मिनलनं विचारलं.

"हे शेवटचे, बारीक आवाज," ती मुलगी म्हणाली. "प्रेसशॉपच्या लोकांचे तर हमखास. जाड आवाज राहतात, त्यामुळे त्यांना वाटतं आपल्याला नीट ऐकू येतंय. घरच्यांनाही कळत नाही."

त्या दिवशी बसमध्ये मिनल नेहमीसारखी हरवली नाही. घरी येऊन तिनं ड्रमवरची चादर काढली. धोंडीबा खिडकीशीच होते. तिनं सतरंजी अंथरली, ड्रम कडेवर उभा केला आणि खालच्या पानाची बाजू त्यांच्याकडे केली.

"मामा, इकडं या. बोटं ठेवा इथं. दाबू नका, नुसती टेकवा."

ते येऊन समोर बसले. त्यांची जाड, वाकडी झालेली बोटं तिनं तारांच्या टोकापाशी टेकवली. मग पलीकडून काड्यांनी हलका, अखंड हात सुरू केला. हळूच, मग जरा मोठा, पुन्हा हळू. धोंडीबांनी डोळे मिटले. उन्हं उतरली होती, खोलीत पिवळट अंधार होता, आणि मिनलला वाटलं आपण दोघं नदीच्या दोन काठांवर बसलोय, मधून पाणी चाललंय. किती वेळ तसा गेला तिला कळलं नाही.

"मुंग्या येत्यात," धोंडीबा म्हणाले. "मला ठाव हाय, पोरी. तारांचं न्हाई ते."

मिनलचे हात थांबले. "कधीपासून?"

"तू ड्रम घेऊन पिंपरीला गेलीस ना, तवाच. त्या दुकानदारानं काय सांगितलं ते तुझ्या तोंडावर दिसलं."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तू ड्रम गुंडाळून माळ्यावर ठेवला असतास, मला वाईट वाटू नये म्हनून. तू दोऱ्या वढायचीस, आमी बसून बघायचो. तुझा हात बघून आवाज कसा आला आसंल ते कळायचं मला." त्यांनी बोटं उचलली नव्हती. "वाजव. थांबू नगं."

पुढं धम्मरत्न त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. कानाचं मशीन मिळालं. त्यानं कस्तुराबाईंचं बोलणं ऐकू येऊ लागलं, कुकरही. ड्रम मात्र त्यातून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा लागायचा, म्हणून वाजवायच्या वेळी ते मशीन काढून खिशात ठेवायचे. त्यावर त्यांची तक्रार नव्हती. वस्तीच्या पथकात मोठा ढोल वाजवणारे कोंडाजी मुलाकडं मारुंजीला राहायला गेले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. एका संध्याकाळी धोंडीबा सरावाला गेले आणि त्यांनी मोठा ढोल गळ्यात अडकवला. त्याचा ठोका कानानं ऐकावा लागतच नव्हता, तो सरळ पोटात उतरायचा. परत आले ते जेवायला दोन भाकऱ्या जास्त मागत.

"साइड ड्रमला मानूस पायजे म्हनत्यात," ते जेवताना म्हणाले. कुणाकडं बघून म्हणाले नाहीत. "मी सांगितलं, हाय आमच्या घरात."

कस्तुराबाईंनी सुनेकडं पाहिलं. "जाशील का गं?"

मिनल आधी नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं ड्रम उलटा केला. चोवीस तारांचा पट्टा काढून ठेवला, वीसचा पुन्हा बसवला. या वेळी तिला कुणी काही सांगितलं नाही. फिरकी आवळताना एक क्षण असा आला की तिच्या कानाला पटलं, तिथं ती थांबली.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी मिरवणूक निघाली. पांढरी वस्त्रं, हातात मेणबत्त्या, रस्त्यावर शिंपडलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं. मिनल पांढऱ्या साडीत, कमरेला ड्रम बांधून, पहिल्या रांगेत. डाव्या हाताला धोंडीबा. त्यांची नजर तिच्या मनगटांवर होती. काडी वर गेली की ते आपला हात उचलायचे आणि ढोलाचा ठोका तिच्या सळसळीखाली येऊन बसायचा. मेणबत्त्या, चेहरे, दुकानांचे दिवे तिच्या बाजूनं तरंगत मागं चालले होते. एका वळणावर तो ठोका जरा उशिरा आला. मिनलनं काड्या पानावर तशाच लहरू दिल्या, तो येईस्तोवर, आणि मागची सगळी पावलं तेवढ्यापुरती हवेत राहिली.