जग बुडायच्या आदल्या दिवशीचा ट्रंक कॉल

"आत्या, आकाशातून मोठा दगड आदळणार म्हणे! शास्त्रज्ञांनी लपवून ठेवलंय," शेजारची सून फोन नाचवत आली.

आत्या मटार सोलत होती. "लपवून ठेवलंय, मग तुला गं कसं कळलं?"

"ग्रुपवर आलंय."

"टाकलं कोणी? आणि त्याला सांगितलं कोणी?"

सून फोनवर बोट सरकवत नाव शोधू लागली. आत्याला हसू आलं. हाच प्रश्न विचारत तिने एके काळी अख्खा दिवस घालवला होता.

तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे फोन, म्हणजे ट्रंक कॉल, जोडून देणारी ऑपरेटर होती. लांबोडकी खोली, भिंतभर बोर्ड, त्यावर लोंबणाऱ्या जोडणीच्या दोऱ्या आणि तापलेल्या तारांचा वास. ओळीने बसलेल्या बायका एका कानाने गिऱ्हाईक ऐकत, दुसऱ्या कानाने एकमेकींच्या सासवांच्या कागाळ्या.

अशात आवई उठली. उद्या सगळे ग्रह एका रांगेत येणार आणि पृथ्वी दुभंगणार! मग काय, जो तो नातलगांचा निरोप घ्यायला धावला. बोर्डावरचे दिवे विझेचनात.

आत्या कॉल जोडता जोडता विचारायची, "तुम्हाला कोणी सांगितलं?" बेकरीवाल्याने शिंप्याचं नाव घेतलं, शिंप्याने गिरणीवाल्याचं, आणि गिरणीवाला म्हणाला, "अहो, बेकरीवाला शपथेवर सांगत होता!"

जेवणाच्या सुट्टीत तिने सरळ वेधशाळेला फोन लावला. तिथले गृहस्थ वैतागलेलेच होते. "बाई, ग्रह सूर्याच्या एका बाजूला येतायत, धड रांगेतही नाहीत. आणि इतके लांब, की चंद्राच्या ओढीपुढे त्यांची ओढ म्हणजे हत्तीपुढे मुंगी."

मग ती प्रत्येकाला हे सांगू लागली. कोणी सुटकेचा नि:श्वास टाकला, कोणी खेकसलं, "तुमचं काम जोडायचं, तोडायचं नाही!"

दुपार कलली आणि कानात ओळखीचा आवाज आला. बाबा. वाण्याच्या दुकानातून बोलत होते.

"दादाला लाव."

दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून घरात त्याचं नावही निघत नव्हतं. आत्याच्या हातातली दोरी हातातच राहिली. खरं कळलं तर बाबा दादाशी बोलणारच नाहीत; गप्प बसावं का? पण दिवसभर परक्यांना सांगितलं, ते बापापासून कसं लपवायचं?

"बाबा, ते ग्रहांचं खोटं आहे. मी वेधशाळेत विचारलंय. उद्या काही होणार नाही."

आता फोन ठेवतात, असं तिला वाटलं.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "उद्या नाही, पण कधीतरी मरायचंच आहे ना? लाव तू."

तिने लावला. "दादा, बाबा बोलतायत." मग बाबांचा आवाज, "जेवलास का रे?"

आत्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पुढचं तिने ऐकलं नाही. बाजूच्या ऑपरेटरने घड्याळाकडे बोट दाखवलं, "वेळ संपली त्यांची." आत्या म्हणाली, "संपू दे."

दुसऱ्या दिवशी पृथ्वी जागच्या जागी होती. वाळत घातलेले कपडे नेहमीसारखे वाळले.

सुट्टी लागताच दादा वहिनीला घेऊन आला. बाबांनी दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "गाडीला गर्दी होती का?" माफीबिफी कोणी मागितली नाही. जेवताना मात्र भाजीत मीठ कमी आहे यावर बापलेकांचं एकमत झालं, आणि आई डोळे पुसत मीठ आणायला उठली.